गाभ्याची माती

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी कोल्हापूरहून भावाचा फोन आला. अण्णा गेले होते. दुपारी जेवून पडले, ते उठले नाहीत. मी इथे कॅनडात, किचनर गावात, बसस्टॉपवर उभी होते. बस आली, मी चढले, ग्रंथालयात पोचले, कोट काढला, कोट पुन्हा घातला आणि घरी आले.

मी कोल्हापूरला पोचले तोवर सगळं होऊन गेलं होतं. तेराव्यापर्यंत राहिले आणि परत आले. परतल्यावर आठवडाभराने माझी पंधरा वर्षांची लेक आणि मी ग्रोसरी लावत होतो. ती एकदम म्हणाली, "आई, डिड द म्युझियम एव्हर राइट बॅक?"

मी दुधाच्या पिशव्या फ्रीजमध्ये ठेवत होते. "नाही," मी म्हणाले.

हे खरं होतं. म्युझियमचं उत्तर आलं नव्हतं, कारण मी पत्र पाठवलंच नव्हतं.

अण्णा आदल्या मे महिन्यात आमच्याकडे आले होते. आई गेल्यानंतरची त्यांची पहिलीच फेरी. चाळीस वर्षं त्यांनी फाउंड्रीत वाळूचे साचे करणारा मोल्डर म्हणून काढली होती. उमेदवारी पितळेच्या कारखान्यात केली, पुढे बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, फाउंड्रीत गेले. दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, उडालेल्या रसाचे पांढरे ठिपके होते. रस म्हणजे वितळलेला धातू. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांच्या हातांवर असे ठिपके असतात. कॉलेजात गेल्यावर मी मैत्रिणींना सांगायचे, वडील इंजिनिअरिंग कंपनीत आहेत. हेही खरंच होतं. खरं बोलून लपवायची सवय मला जुनी आहे.

रिकामं बसणं अण्णांना जमत नसे. ते कुठेही गेले की खाली वाकून माती उचलायचे. मुठीत दाबायचे आणि मूठ उघडून बघायचे. मोल्डर वाळू अशीच तपासतात. बोटांच्या खुणा उमटून राहिल्या पाहिजेत, गोळा मधोमध मोडला तर कडा ढासळता कामा नये. ग्रँड नदीच्या काठावर, शेजाऱ्यांच्या फुलझाडांच्या वाफ्यात, चर्चच्या पार्किंगच्या कडेला, सगळीकडे त्यांनी कॅनडाची माती दाबून बघितली. आमच्या बॅकयार्डातली त्यांना बरी वाटली. "चिक्कट हाय," ते म्हणाले, "पर थोडी वाळू घातली तर काम देईल." कसलं काम, ते मी विचारलं नाही.

सप्टेंबरात मी अण्णांना आणि लेकीला गाडीने तासाभरावरच्या एका लहान म्युझियममध्ये नेलं. अण्णांना काय दाखवावं हा प्रश्नच होता. नायगारा बघून झाला होता. तिथे पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनच्या जुन्या राज्यातल्या, म्हणजे आजच्या नायजेरियातल्या, काही वस्तू मांडल्या होत्या: एक बिबळ्या, दोन तबकड्या, हस्तिदंताचं एक कडं आणि मधल्या काचपेटीत राजाचं मस्तक.

मी सवयीप्रमाणे आधी पाटी वाचली. ग्रंथालयात माझं काम कॅटलॉगिंगचं, म्हणजे पुस्तकांच्या पाट्या लिहिण्याचंच आहे. नवा राजा गादीवर आला की त्याचं पहिलं कर्तव्य म्हणजे गेलेल्या राजाचं मस्तक ओतवून घेणं आणि त्याच्या वेदीवर ठेवणं. मस्तकाच्या टाळूला भोक असतं, त्यात कोरलेला हस्तिदंत उभा करत. गळ्यापासून ओठांपर्यंत पोवळ्यांच्या माळांचे थर आणि डोक्यावर पोवळ्यांचीच विणलेली टोपी. पोवळी कोणी घालायची ते राजा ठरवायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिश सैन्याने राजवाडा लुटला आणि या वस्तू जगभर पांगल्या.

हे सगळं मी अण्णांना मराठीत सांगत होते. ते ऐकत नव्हते. गुडघ्यांवर हात ठेवून, मान तिरकी करून ते मस्तकाच्या कानामागे बघत होते.

"ब्राँझ न्हवं हे," ते म्हणाले. "पितळ हाय."

"अण्णा, इथे ब्राँझ लिहिलंय."

"लिहिणाऱ्यानं ओतलंय का हे?"

लेक हसली. मी पाटीकडे पुन्हा एकदा बघितलं.

"आणि ही पोवळी बघ," ते म्हणाले. "साच्यानं दाबून काढल्याली न्हाईत. एकेक मण्याची मेणाची गोळी वळलीया. दोन सारखे दाखव मला."

मी शोधू लागले. खरंच सापडेनात. राजाच्या डोळ्यांत, कपाळावरच्या खुणांत, ओठांच्या कडेत सगळीकडे एक गंभीर सारखेपणा होता. पण मणी एकमेकांना जुळत नव्हते. कोणी थोडा लांबट, कोणी एका बाजूने चपटा. मी पाटी वाचून पुढे गेले असते तर हे मला कधी दिसलं नसतं.

अण्णा पेटीला पूर्ण फेरी घालून डाव्या कानाशी परत आले. कानामागे बोटाएवढा एक चौकोन होता, आजूबाजूपेक्षा किंचित फिका. मला तो डाग वाटला होता.

"इथं रस पोचला न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले, जणू कोणाची चूक चारचौघांत सांगायची नव्हती. "थंड झाला आधीच. मग मागनं ठिगळ ओतलंय. पण काय ओतलंय! रेघसुद्धा लागत न्हाई नखाला."

"नखाला?" मी घाबरून म्हणाले.

"लावलं न्हाई गं. काच हाय की मधी."

मग ते सरळ जमिनीवर बसले. पेटीचा तळ अपारदर्शक होता, पण त्यांना मस्तकाची खालची कड आणि आतला अंधार बघायचा होता. म्युझियमचा गार्ड आला आणि नम्रपणे म्हणाला, सर, सगळं ठीक आहे ना? अण्णा मला म्हणाले, "सांग त्याला, आमच्याच धंद्यातलं काम हाय. आतनं बघायला मिळंल का विचार."

मी गार्डला म्हणाले, ते थकलेत. आणि त्यांना हाताला धरून उठवलं.

घरी येताना गाडीत ते मागच्या सीटवरून लेकीला समजावत होते. मधे मातीचा गाभा करायचा. आम्ही त्याला कोअर म्हणतो. गाभ्यावर मेणाचा थर, त्या मेणात नाक, डोळे, पोवळी सगळं घडवायचं. वरून परत माती. मग भट्टीत तापवायचं, मेण वितळून बाहेर येतं, आणि मेणाच्या जागी रस ओतायचा. वरची माती फोडून टाकायची. आतली माती जमेल तेवढी काढायची, पण नाकात, कानात थोडी राहतेच.

"सो देअर्स स्टिल मड इन हिज नोज?" लेक म्हणाली.

"असणार. तीच बघायची हाय मला. बाहेरनं राजा सगळ्यांनीच बघितलाय."

त्या आठवड्यात त्यांनी म्युझियमला पत्र लिहायचं ठरवलं. ते मराठीत सांगायचे आणि लेक लॅपटॉपवर इंग्रजीत उतरवायची. दोघं तीन संध्याकाळ बेसमेंटमध्ये बसले होते. मी वर भांडी लावताना आवाज ऐकत होते.

"आजोबा, आय कान्ट राइट दॅट टू अ म्युझियम."

"लिही, लिही. तीच तर मुद्द्याची गोष्ट हाय."

मुद्द्याची गोष्ट म्हणजे घोड्याची लीद. पितळेच्या कारखान्यात गाभ्याच्या मातीत ते लीद मळायचे. भट्टीत ती जळून जाते, मातीत बारीक वाटा तयार होतात आणि गरम हवा त्यातून निघून जाते. नाहीतर काम फुटतं. म्हणून पत्रात, मी लेकीकडे आलेला एक मोल्डर एवढ्या ओळखीनंतर, तीन प्रश्न होते. एक, हे ब्राँझ की पितळ. दोन, डाव्या कानामागचं ठिगळ त्याच कारागिराने लावलं की नंतर कोणी. तीन, नाकात गाभ्याची माती शिल्लक आहे का, असल्यास रंग कसा, वाळू किती, आणि तुमच्या लोकांनी तिच्यात काय मळलं होतं. आम्ही लीद मळायचो. शेवटी लिहिलं होतं: "आपल्या कारागिरास माझा नमस्कार सांगावा. ते हयात नाहीत हे मला माहीत आहे."

लेकीने ते मला पाठवलं, कारण ईमेल माझ्या नावावरून जायचा होता. मी ते वाचलं. मला लाज वाटली. हे असं इथे स्पष्ट लिहायला मला आठ महिने लागले. म्युझियममधली माणसं माझ्यासारखी असतात. त्यांना मी रोज भेटते. कोणीतरी हे पत्र टेबलावर ठेवेल, शेजारच्याला बोलावेल, लीद शब्दावर बोट ठेवेल आणि खाली माझं नाव बघेल, असं चित्र मला दिसलं. मी ठरवलं, थोडं नीट करून पाठवू. नीट करायला बसले तर काय काढायचं ते कळेना. लीद काढली तर तिसरा प्रश्न उरत नव्हता. नमस्कार काढला तर अण्णा उरत नव्हते. मी फाइल बंद केली.

दोन दिवसांनी अण्णांनी विचारलं, "पाठवलंस?"

"हो," मी म्हणाले.

ऑक्टोबरच्या शेवटी, बर्फ पडायच्या आत, ते परत गेले. मग दर शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल असायचा. भाऊ फोन त्यांच्या तोंडासमोर धरायचा, मला बहुतेक वेळा त्यांचं कपाळ आणि मागचं कॅलेंडर दिसायचं. जेवण, गुडघे, इथली थंडी एवढं झालं की ते विचारायचे, "म्युझियमवाल्यांचं काय आलं का गं?"

"नाही अजून."

"असू दे. कामात असतील."

डिसेंबरात म्हणाले, आता नाताळ असणार, लोक सुट्टीवर. जानेवारीत म्हणाले, एवढ्या बर्फात कोण पेटी उघडत बसतंय. फेब्रुवारीत भावाला म्हणाले, आपलं इंग्रजी त्यांना कळलं नसेल, आणि मग घाईने म्हणाले, पोरीनं चांगलं लिहिलं होतं, माझ्याच सांगण्यात काहीतरी राहिलं असेल. दर शनिवारी मला पत्र पाठवणं अधिक अवघड होत गेलं. आता पाठवलं तर तारखेचं काय सांगायचं, असं मला वाटायचं.

दुधाच्या पिशव्या ठेवून झाल्यावर मी लेकीला सगळं सांगितलं. ती काउंटरला टेकून उभी होती.

"सो ही वॉज वेटिंग फॉर नथिंग," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.

"वॉज इट माय इंग्लिश?"

"नाही गं. तुझं इंग्रजी नव्हतं."

ती तिच्या खोलीत गेली. मी जेवणाच्या टेबलाशी बसून पत्र उघडलं. एकही शब्द बदलला नाही. सप्टेंबरची तारीखही तशीच ठेवली. अण्णा गेल्याचं लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर पत्र माझं झालं असतं. पाठवलं आणि वर जाऊन लेकीला दारातून सांगितलं. "ओके," ती म्हणाली.

उत्तर चार दिवसांनी आलं. संग्रह सांभाळणाऱ्या बाईंनी स्वतः लिहिलं होतं, दीड पान. तुमच्या वडिलांचं बरोबर आहे, बहुतेक सगळं पितळच आहे, ब्राँझ हे नाव सवयीने चिकटलंय. ठिगळ जुनंच आहे, ओतकामाच्या वेळचं असावं, पण ते थंड झालेल्या रसामुळे हे त्यांना सुचलं नव्हतं. माती आहे. डाव्या नाकपुडीत थोडी, उजव्या कानाच्या पोकळीत थोडी. तिच्यात काय मळलं होतं असं आजवर त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आणि शेवटी: मस्तक आता नायजेरियाला परत जाणार आहे, मे महिन्यात पेटीतून काढून पॅक करू. त्या दिवशी तुमच्या वडिलांना घेऊन या. त्यांना आतून बघता येईल. पत्र सप्टेंबरात मिळालं असतं तर तेव्हाच बोलावलं असतं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सफाईसाठी मस्तक दोन दिवस बाहेरच होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला अण्णा माझ्या घरी होते. कंटाळून बॅकयार्डातली पानं गोळा करत होते.

उत्तरातलं ते शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही. मग मी त्या बाईंना लिहिलं, की वडील मार्चमध्ये गेले, पत्र त्यांचंच आहे, उशीर माझा आहे. आम्ही दोघी आलो तर चालेल का.

भावाला मी उत्तराचं मराठी करून पाठवलं. त्यालाही पत्राचं खरं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे आता, ताई." मग म्हणाला, अण्णांच्या फाउंड्रीतल्या जुन्या दोस्ताला वाचून दाखवतो. संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. दोस्त म्हणाले होते, "पितळ म्हणाला म्हणजे पितळच. ह्यात कॅनडाला कशाला विचारायचं?"

मे महिन्यात आम्ही गेलो. या वेळी मागच्या दाराने. लांब टेबलावर फोमच्या गादीवर राजाचं मस्तक आडवं ठेवलं होतं, आणि ते तसं बघताना मला अवघडल्यासारखं झालं. झोपलेल्या मोठ्या माणसाच्या खोलीत शिरावं तसं. त्या बाई माझ्याहून थोड्या मोठ्या होत्या, हातात निळे ग्लोव्ह. त्यांनी एक बारीक दिवा गळ्याच्या उघड्या बाजूने आत धरला आणि म्हणाल्या, बघा.

आत राजा नव्हता. बाहेर जिथे गाल होता तिथे आत नुसता खडबडीत खोलगटपणा होता. डोळ्यांच्या जागी काही नाही. पोवळ्यांचा मागमूस नाही. एका बाजूला लांबट, समांतर रेघा होत्या, चार. गाभा गुळगुळीत करताना कोणीतरी ओल्या मातीवरून बोटं फिरवली असणार, आणि रसाने ती तशीच उचलली होती. मी माझा हात दूर हवेत धरून मापला. बोटं माझ्यापेक्षा रुंद होती.

नाकाच्या पोकळीत माती होती. लाल, गेरूसारखी. बाईंनी भिंग दिलं. "हाऊ मच सँड?" लेकीने विचारलं, अगदी अण्णांच्या घाईने. बाई म्हणाल्या, बरीच, बारीक. आणि हे काळे धागे दिसताहेत ते जळालेलं गवत किंवा काडी असावं. ते मातीत कसं आलं हे मला सांगता येत नाही, पण तुमच्या आजोबांचा अंदाज आम्ही नोंदीत लिहिलाय.

"यू रोट हॉर्स डंग?"

"हो. तशीच नोंद आहे. एका मोल्डरचं मत म्हणून."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

पॅकिंग चालू असताना त्या बाई आणखी एक गोष्ट बोलल्या, सहज. पितळेची मस्तकं फक्त राजघराण्यासाठी. सरदारांच्या वेदीवर लाकडाची. आणि ही ओतणाऱ्यांची जी वस्ती होती, त्यांच्या पूर्वजांच्या वेदीवर मातीची मस्तकं ठेवत. मी विचारलं, त्यांना स्वतःसाठी पितळ ओतता आलं नसतं का? हात तर त्यांचेच होते. त्या म्हणाल्या, परवानगी नव्हती. मग थोडा विचार करून म्हणाल्या, पण त्यांना ती माती कमीपणाची वाटत होती का, हे मला माहीत नाही. बघणारे आपण आहोत.

मलाही ते अजून माहीत नाही. अण्णांना विचारलं असतं तर त्यांनी आधी माती कुठली होती ते विचारलं असतं.

मस्तक खोक्यात ठेवण्याआधी लेक पुढे झाली आणि तिने दोन्ही हात जोडले, पटकन, कोणी बघेल म्हणून लगेच सोडले. "ही सेड टु टेल द वर्कर," ती मला गाडीत म्हणाली. "आय डिडन्ट नो व्हेअर टु लुक, सो आय लुक्ड इनसाइड."

त्या शनिवारी सकाळी, कॉलच्या वेळेला, मी स्नो बूट खाली ठेवायला बेसमेंटमध्ये गेले. खिडकीच्या कट्ट्यावर, जुन्या राउटरच्या मागे, मातीचा एक गोळा होता. मी तो उंदराने आणलेला काहीतरी समजून उचलणार होते. मग लेकीला हाक मारली. ती म्हणाली, अगं, तो आजोबांचा. पत्र लिहायला बसलो तेव्हा बॅकयार्डातली माती आणली होती. वाळू मिसळून दाबली आणि इथे ठेवली. म्हणाले, सुकू दे, तडा जातो का बघू, मग काम देते का ते कळेल.

त्यांनी नंतर बघितली की नाही, ते तिला माहीत नाही.

म्युझियममधली पेटी आता रिकामी आहे. पत्राची प्रत माझ्या कपाटात आहे, उत्तर तिच्या मागे लावलेलं आहे. मातीचा गोळा खिडकीतच आहे. त्यावर चार बोटांच्या खुणा आहेत. तडा गेलेला नाही.